चार नंबरची वायर

"मामा, परेड नका हो करू! चाला. नुसतं चाला, घरात चालता तसं."

"घरात मी असाच चालतो."

"घरात कुणी असं चालत नाही!"

माझा आवाज चढला होता हे मला कळत होतं, पण सकाळी दहापासून हे एकच वाक्य मी अकराव्यांदा म्हणत होते. समोर आठ मीटर लांबीची निळी मॅट, तिच्या मधोमध जमिनीत बसवलेली चौकोनी प्लेट, आणि तिच्यावरून आमचे मामा छाती पुढं काढून, हनुवटी वर करून, गुडघे पार कमरेपर्यंत उचलत येत होते. प्लेटवर पाऊल असं आदळलं की कॉम्प्युटरवरची रेघ पडद्याच्या बाहेर गेली. मॅट संपल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःला "थम!" म्हटलं आणि टाचा जुळवून उभे राहिले.

दाराजवळचा आमचा प्रयोगशाळेचा शिपाई सुबराव, वय वर्षं बेचाळीस, त्यानंही टाचा जुळवल्या.

"तू कशाला रे?" मी त्याच्यावर खेकसले.

"सवयीनं झालं, मॅडम," तो ओशाळून म्हणाला.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. माझे मामा म्हणजे वसंतराव मगदूम, तासगावच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं ड्रिलमास्तर. निम्मं गाव त्यांच्या शिट्टीवर पळालेलं. सुबराव त्यातलाच. मी लग्न होऊन आले तेव्हा मामा रिटायर होऊन वर्ष झालं होतं. मला ते कधी टाकून बोलले नाहीत, पण फारसं काही बोललेही नाहीत. सकाळी "चहा झाला का?" आणि रात्री "दाराला कडी घातली का?" एवढ्यावर आमचं सासऱ्या-सुनेचं चाललं होतं.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेत होते. माणूस चालतो तेव्हा पायाचे कुठले स्नायू कुठल्या क्षणी जागे होतात आणि पाऊल जमिनीवर किती जोर टाकतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी साठी उलटलेले वीस निरोगी पुरुष हवे होते. चालायचंच तर आहे, त्यात काय मोठंसं, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. पण माणसाला "नेहमीसारखं चाला" म्हटलं की तो चालायचंच विसरतो, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. एक तलाठी दोन्ही हात एकदम पुढं न्यायला लागले. एकजण प्लेट दिसताच तिला वळसा घालून गेले. त्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी या सुबरावनं सगळ्या यंत्रांबरोबर प्लेटचीही पूजा केली, हळदकुंकू वाहून वर झेंडूचं फूल. कुंकवाचा डाग साबणानं जाईना, स्पिरिटनं जाईना. तेव्हापासून जो येईल तो आधी वाकून प्लेटला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि मग चवड्यांवर, चोरासारखा पलीकडं जायचा. पूजेच्या वस्तूला पाय कसा द्यायचा? मी कपाळावर हात मारून घ्यायची आणि परत पहिल्यापासून.

असे एकोणीस झाले. विसावे एक पोस्टमास्तर होते, ते "गुडघा धरलाय" म्हणून आदल्या दिवशी फिरकलेच नाहीत. आणि स्नायूंतली वीज मोजायचं ते मशीन विद्यापीठाकडून दोन महिन्यांच्या बोलीवर आणलेलं, मामांच्या या परेडच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांची गाडी न्यायला येणार. वीस मंजूर झालेले, एकोणीस चालणार नव्हते. एक माणूस कमी पडला तर माझं सबंध सत्र बुडणार होतं.

पोस्टमास्तर आले नाहीत त्या संध्याकाळी जेवताना मी अगदी रडकुंडीला आले होते. नवरा, उमेश, समजूत घालत होता. तेवढ्यात मामा ताटातून मान वर न करता म्हणाले, "मी येतो की."

"तुम्ही?" आत्या म्हणाल्या. "तिथं बूट काढायला लागतील. जमंल का?"

उन्हाळ्यापासून मामांनी घरात कॅनव्हासचे बूट घालायला सुरुवात केली होती. सोप्यात बूट, माजघरात बूट, एकदा तर थेट स्वयंपाकघरात बूट. आत्यांनी त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, पण मामा ऐकत नव्हते. टाचा दुखतात म्हणायचे.

"काढीन की," मामा म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी त्यांना वाकून नमस्कारच केला. आता मॅटशेजारी उभी राहून मला तो नमस्कार परत घ्यावासा वाटत होता.

सकाळची सुरुवातच वेडीवाकडी झाली होती. प्रत्येक पायाच्या चार स्नायूंवर चिकटपट्ट्या लावायच्या, त्यांना वायरी जोडायच्या. त्याआधी तेवढ्या जागेवरचे केस काढायला लागतात. मामा हाफ पँट घालून कॉटवर बसले आणि मी रेझर हातात घेतल्यावर एकदम पाय आखडून घेतले.

"तू नको."

"मामा, माझं रोजचं काम आहे हे."

"असंल. पण सुनेनं माझी नडगी भादरायची नाही. सुबराव, इकडं ये."

सुबराव आला. ज्यांच्या छडीखाली दहावीपर्यंत काढली त्या सरांच्या पायाला वस्तरा लावायचा म्हटल्यावर त्याचे हात असे थरथरायला लागले की दोन ठिकाणी कापलं. मग कापूस, मग डेटॉल. अर्धा तास गेला.

मग वायरी. डाव्या पायाच्या एक ते चार, उजव्याच्या पाच ते आठ. चार नंबर डाव्या नडगीवर, आठ नंबर उजव्या नडगीवर. आणि नेमका चार नंबर बोलेना. पडद्यावर बाकीच्या सात रेघा पावलागणिक दाट व्हायच्या, परत विरायच्या, आणि चार नंबर आपला सरळसोट. मधूनच जरा खरखर, की परत गप्प.

त्या वायरीची ख्यातीच तशी होती. तिसऱ्या माणसाच्या वेळी ती बंद पडलेली, अकराव्याच्या वेळी तिला सोल्डरचा डाग मारून आणलेलं. त्यामुळं मला आश्चर्य वाटलं नाही, फक्त संताप आला. चिकटपट्टी बदलली. कातडी परत घासली. पंखा बंद केला, कारण पंख्याची वीज मध्ये येते. मोबाइल बाहेर ठेवायला लावले. पट्टी बोटभर वर लावली, बोटभर खाली लावली. मामांना चालवलं, परत चालवलं. चार नंबर सरळसोट.

त्यात मामांचे प्रश्न.

"काय दाखवतंय?"

"काही नाही दाखवत, तेच तर!"

"चार नंबर म्हणजे डावी नडगीच ना?"

"हो."

"उजवी दाखवतीय?"

"उजवी बरोबर आहे. मामा, तुम्ही पडद्याकडं नका बघू, समोर बघा."

"मग परत लाव की. नीट बघ. मला काय घाई नाही."

त्यांना घाई नव्हती! मला होती! मी दातओठ खात परत पट्टी लावत होते आणि हे शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसारखे वरून वाकून बघत होते. एकदा तर म्हणाले, "त्या रेघेचा अर्थ काय असतो, समजावून सांग जरा." मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते." आत्यांनी दिलेला डबाही मी उभ्याउभ्याच खाल्ला.

दुपारी तीनच्या सुमाराला माझा तोल सुटला.

"तुम्ही मुद्दाम करता का हो हे?" मी म्हणाले. "साधं चालता येत नाही माणसाला? एकोणीस जणं चालली. ते तलाठीसुद्धा शेवटी चालले! तुम्हीच तेवढे गुडघा छातीला लावताय. सहा महिने वाया जातील माझे, कळतंय का?"

सुबरावनं मान खाली घातली. घरात कुणी मामांशी असं बोलत नसे. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण मामा वळले. मॅटच्या सुरुवातीला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "परत बघू."

या खेपेला त्यांनी खरंच गुडघा कमी उचलला. तीन पावलं नीट पडली. चौथ्या पावलाला डाव्या पायाची बोटं मॅटमध्ये अडकली आणि ते धडपडले. सुबराव धावला. मामांनी त्याचा हात झटकला. "मॅट गोळा झालीय तिथं," म्हणाले.

मॅट कुठंही गोळा झालेली नव्हती. मी ते बघितलं, आणि मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात एवढंच आलं की हीही चाल फुकट गेली.

साडेचार झाले. पाचला इमारत बंद व्हायची. मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि उजव्या नडगीची, आठ नंबरची फाइल उचलली. तिची एक प्रत काढली आणि प्रतीला नाव दिलं चार नंबर. निरोगी माणसाचे दोन्ही पाय सारखेच चालतात. वायर खराब आहे, त्यात माणसाचा काय दोष? कोण उघडून बघणार आहे? अशी स्वतःची समजूत घालत मी ती फाइल विसाव्या माणसाच्या फोल्डरमध्ये टाकली.

"झालं, मामा. कपडे करा."

"आला?" ते एकदम उठून उभे राहिले. "चार नंबर आला?"

"आला."

"दाखव."

"अहो, आला म्हटलं ना!"

मला वाटलं होतं सुटलो म्हणून त्यांना हायसं वाटेल. ते खुर्चीत टेकले. आपल्या डाव्या पायाकडं बघत म्हणाले, "म्हणजे सगळं ठीक आहे."

"एकदम ठणठणीत."

"मशीन चुकत नाही ना?"

"नाही चुकत." मी वायरी गुंडाळायला लागले होते. मामा आणखी काहीतरी विचारणार होते, पण माझ्या तोंडाकडं बघून पडद्यामागं कपडे करायला गेले.

सुबराव मॅट गुंडाळायला वाकला होता, तो तसाच अर्धवट वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, येक बोलू?"

"आता तुझं काय?"

"सर शाळंत आसं चालत न्हवते."

"म्हणजे?"

"आमाला शिकवायचे आसं. गुडघा वर, पाय आपट. पन सोता साधंच चालायचे की. लई हलकं चालायचे. मागनं कवा आले कळायचं न्हाई, म्हनून तर आमी मार खायाचो." त्यानं मॅटकडं बोट दाखवलं. "आन त्यो डावा पाय बघा. उजवा टाचंवर पडतोय. डावा फट्‌दिशी सगळाच पडतोय, फडकं आपटल्यागत. सकाळपास्नं ऐकतोय मी."

मीही सकाळपासून ऐकत होते. सकाळपासून तो आवाज माझ्या कानांवर पडत होता आणि मी त्याला परेड म्हणत होते.

नडगीवरचा स्नायू काय करतो, हे मी प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं. टाच टेकली की तो पाऊल धरून ठेवतो, हळूहळू खाली सोडतो, नाहीतर पाऊल फटकन आपटतं. पाय पुढं नेताना तोच बोटं वर ओढून धरतो, नाहीतर बोटं जमिनीला अडकतात. आणि तो काम करेनासा झाला तर माणूस काय करतो? बोटं अडकू नयेत म्हणून गुडघा वर उचलून चालतो. परीक्षेत या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते.

"मामा," मी हाक मारली. "जरा परत या."

ते पँट घालून आले होते. मी ती गुडघ्यापर्यंत दुमडली. या खेपेला त्यांनी सुबरावला बोलावलं नाही. मी दोन्ही नडग्यांवर नव्या पट्ट्या लावल्या आणि सकाळी पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. वायरींची अदलाबदल. चार नंबरची वायर उजव्या पायाला, आठ नंबरची डाव्याला.

"पावलं वर ओढा. दोन्ही."

चार नंबर बोलला. त्या बदनाम वायरीतून उजव्या नडगीची रेघ अशी दणदणीत आली की बघत राहावं. आणि आठ नंबर, दोन महिन्यांत एकदाही न रुसलेला आठ नंबर, डाव्या पायावर गेल्यावर सरळसोट झाला.

वायर चांगली होती.

मी मामांच्या पायाकडं बघितलं. उजवं पाऊल वर आलं होतं. डावं लोंबत होतं, आणि मामा मात्र सगळा जीव एकवटून ते वर ओढत होते, कपाळाच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

त्यांनी पाय सैल सोडला. "चैत्रापासून."

"चैत्र? सहा महिने? आणि सांगितलं नाहीत?"

"काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? घरात मी फिजिओ आहे, मामा! दिवसभर लोकांचे पायच बघते मी!"

"म्हणून तर आलो," मामा म्हणाले.

ते भिंतीकडं बघत बोलायला लागले. "आबाचं असंच सुरू झालं होतं. आधी चप्पल गळायची पायातनं, त्याला कळायचंबी नाही. मग पाय गेला, मग दुसरा, मग हात. दोन वर्षांत माणूस वाळून गेला. मी खांद्यावर घेऊन परसाकडं न्यायचो त्याला." आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. मी त्यांना फोटोतच बघितलं होतं. "चैत्रात माझी चप्पल गळाली, बाजारात. तेव्हापासून बूट घालतोय. तुझ्या आत्याला काय सांगायचं? ती आबाच्या वेळी सगळं करून बसलीय. तोंडानं सांगायला जमंना. मग तू विसावा माणूस पाहिजे म्हणालीस. म्हटलं, मशीन सांगंल. मशीन म्हणालं तर खरं, नाहीतर माझ्या मनाचे खेळ."

आणि मी मशीनच्या तोंडून त्यांना ठणठणीत म्हणून सांगितलं होतं. खोटी फाइल अजून फोल्डरमध्ये होती.

त्यांनी लपवलं अशी तक्रार करायची माझी सोयच नव्हती. कारण निरोगी माणूस निवडताना एक फॉर्म भरायचा असतो. पाय, कंबर, गुडघे यांची काही तक्रार? तोल जातो का? ठेच लागते का? पडलात का? तो फॉर्म मी आदल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभी राहून, भांडी आवरता आवरता स्वतःच भरला होता. नाही, नाही, नाही, नाही. मामा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. त्यांची फक्त सही घेतली.

मला रडू फुटणार होतं, पण त्याआधी भीती वाटली. आबांचा आजार मोटर न्यूरॉनचा, एकेक स्नायू मारत जाणारा असणार हे मला कळलं होतं, आणि तो सुरू होतो तो असाच. मी मामांचे तळहात बघितले, अंगठ्याखालचं मांस चेपून बघितलं. मांडी बघितली, कुठं कातडीखाली फडफड होतेय का. जीभ बाहेर काढायला लावली. मामांनी निमूटपणे काढली. मग मी कापूस घेतला.

"डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."

गुडघ्यावर, "हो." पोटरीवर, "हो." मग मी पावलाच्या वरच्या बाजूला कापूस फिरवला. मामा गप्प. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेत फिरवला. गप्प. केसांतली पिन काढली आणि तिचं टोक टेकवलं, जरा जोरानंच.

"लागतंय?"

"कुठं?"

"मामा, नीट आठवून सांगा. आबांचा पाय बधिर झाला होता का?"

"छे. मुंगी चावली तरी कळायची त्याला. हाकलता यायची नाही." त्यांनी डोळे उघडले. "का गं?"

मी त्यांचा गुडघा पुढं ओढला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा असतो. त्याला वळसा घालून एक शीर पायाकडं जाते, अगदी कातडीखालून. मी त्या जागेवर दोन बोटांनी टकटक केलं.

"आई गं!" मामा ओरडले. "अगं, काय करतेस? पार अंगठ्यापर्यंत झिणझिण्या गेल्या!"

मी परत टकटक केलं.

"अगं ए! मारतेस काय मला?"

"दुखलं ना? गेल्या ना झिणझिण्या?" मी हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "मामा, हे आबांचं नाही. आबांच्या आजारात पाय बधिर होत नाही. तुमची शीर इथं गुडघ्यापाशी चेपलीय. तुम्ही रोज कुठं उकिडवे बसता? तासन्‌तास, हा गुडघा पूर्ण दुमडून?"

ते जरा घुटमळले. "ग्राउंडवर."

"कुठल्या?"

"शाळेच्या. सकाळी फिरायला म्हणून जातो ना. गवत लई माजलंय तिथं. नवीन सरांना वेळ नसतो. उपटत बसतो मी. दोन-तीन तास."

"रोज?"

"रविवारी नाही."

आता मात्र माझा राग असा उसळला की सासरे वगैरे काही राहिलं नाही. "अहो, काय म्हणावं तुम्हाला! गवत उपटायला बसलात आणि आजार भावाचा लावून घेतलात? सहा महिने मरणाची भीती उराशी धरून बूट घालून फिरलात घरात? आत्यांच्या शिव्या खाल्ल्या? एकदा, एकदा मला 'हेमांगी, पाय बघ' म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

मामा हे सगळं ऐकत होते, आणि बत्तीस वर्षं दुसऱ्यांना रागावलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून हसत होता.

पुढं तपासण्या झाल्या, मोठ्या डॉक्टरांनी शीर गुडघ्यापाशीच दबल्याचं सांगितलं, पाऊल उचलून धरणारा पट्टा मिळाला, उकिडवं बसणं बंद झालं. पाचव्या महिन्यात ते पाऊल उचलायला लागलं. माझी ती खोटी फाइल मी त्याच संध्याकाळी पुसली, एकोणीसच माणसं दाखवली, आणि सहा महिने गेले ते गेलेच.

पण त्या संध्याकाळी पाच वाजून गेले होते. सुबराव किल्ल्या घेऊन दारात आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "थांब, अजून एक पेशंट आहे." बाहेरच्या खोलीतून कोरा केसपेपर आणला आणि मामांच्या समोर स्टूल ओढून बसले.

"नाव?"

"आता नाव तुला माहीत नाही होय?"

"सगळ्यांना विचारते. सांगा."

"वसंतराव आप्पाजी मगदूम."

"वय?"

"एकसष्ट."

"तक्रार काय आहे?"

मामा एकदम सरळ बसले. सुबरावकडं बघितलं. सुबराव समजला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

"डावं पाऊल उचलत नाही," मामा म्हणाले. मी ते लिहून घेतलं, तारखेसकट.

"आणखी काही?" प्रत्येक पेशंटला विचारायचा हा प्रश्न. बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात.

"आणखी म्हणजे... उजव्या कानानं कमी ऐकू येतं. दोन वर्षं झाली. तुझ्या आत्याला वाटतं मी लक्ष देत नाही."

मी लिहिलं.

"पहाटे जाग येते. मग झोप लागत नाही. दाढी करताना हात कापतो. डाव्या दाढेनं चावता येत नाही, म्हणून भाकरी आमटीत भिजवतो." ते माझ्या पेनाकडं बघत, मला लिहायला वेळ देत, थांबून थांबून सांगत होते. "पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं होतं. मांडवात खुर्चीवर बसवलं. कुणी म्हटलं नाही, सर, एक ऑर्डर द्या. आणि दिवसभर, बघ, घरात कुणाशी काय बोलावं ते सुचत नाही. ही तक्रार होते का गं? हे लिहायचं असतं?"

"हो," मी म्हटलं. "हेही लिहायचं असतं."

केसपेपरवर तक्रारीसाठी दोनच ओळी छापलेल्या होत्या. त्या कधीच भरल्या होत्या. खालची जागा भरली, मग समास भरला. मी कागद उलटला आणि म्हटलं, "हं, सांगा."